७८ टक्के यंत्राचं: कोल्हापुरातल्या दोन फील्ड प्रोजेक्टांची चौकशी

हे प्रकरण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षातलं, कोल्हापूर शहरातल्या एका स्वायत्त महाविद्यालयाच्या वाणिज्य शाखेतलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट होता. गावात किंवा कारखान्यात जाऊन माहिती गोळा करायची, इंग्रजीत अहवाल लिहायचा, तो गूगल क्लासरूमवर चढवायचा आणि मार्गदर्शक शिक्षकांनी तिथेच तपासून गुण द्यायचे, अशी पद्धत. एका अहवालावरून वाद झाला आणि प्राचार्यांनी समिती नेमली: विभागप्रमुख मॅडम, महाविद्यालयाचे ग्रंथपाल आणि बाहेरची सदस्य म्हणून मी. मी दुसऱ्या महाविद्यालयात शिकवते. संबंधितांची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

या मुलांची दहावी २०२१ ची. त्या वर्षी करोनामुळे राज्य मंडळाची दहावीची परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के होता. त्याआधीचं वर्षभर शाळा मोबाइलवर, चाचण्या गूगल फॉर्मवर आणि उत्तरं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. शिकण्याच्या ऐन वयात ‘सबमिट’चं बटण दाबलं की काम झालं, हेच त्यांनी पाहिलं. त्यांच्यावर खापर फोडण्यासाठी मी हे सांगत नाही. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असावं, म्हणून सांगितलं.

तक्रार

करवीर तालुक्यातल्या, भोगावतीकाठच्या एका गावातली विद्यार्थिनी. विषय: गुऱ्हाळघरांचा उत्पादन खर्च. तिने पाच गुऱ्हाळांची माहिती घेतली होती. अहवालाचं इंग्रजी इतकं सफाईदार होतं की मार्गदर्शक सरांना पहिल्याच पानावर शंका आली. वर्गातल्या चाचणीत याच मुलीची दोन वाक्यं धड जुळत नसत. त्यांनी तिचा अहवाल इंटरनेटवरच्या एका फुकट तपासणी साइटवर टाकला. उत्तर आलं: ७८ टक्के मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला. दुसऱ्या साइटवर टाकला, तिथे ६१ टक्के. मग त्यांनी गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी उघडली. सगळा मजकूर एकाच संध्याकाळी, काही मिनिटांत, एकगठ्ठा पेस्ट केलेला. सरांनी शून्य गुण दिले आणि कॉपी केस करावी अशी शिफारस केली.

सरांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्याकडे एका आठवड्यात वर्गभराचे अहवाल तपासायचे होते, तासिका वेगळ्याच, आणि एआयबाबत काय करायचं याचा एक ओळीचा नियमही विभागाकडे नव्हता. सूचनापत्रात फक्त ‘अहवाल स्वतःच्या शब्दांत लिहावा’ एवढंच होतं.

मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील दाराजवळच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, “मॅडम, पोरीनं लबाडी केली असंल तर नापास करा, माझं काय म्हणणं न्हाई. पर आधी तिला इचारा तरी.”

काय विचारलं, काय कळलं

आम्ही टक्केवारीचा कागद बाजूला ठेवला आणि तिच्याच तक्त्यावरून विचारायला सुरुवात केली. मजुरीचे दोन स्तंभ का केलेत? ती म्हणाली, पाचातल्या दोन गुऱ्हाळांत गुळव्याचा, म्हणजे गूळ बनवणाऱ्या कारागिराचा, हिशेब रोजावर नसून आदणावर (एका वेळी उकळलेल्या रसावर) आहे; दिवसात किती आदणं निघाली त्यावर त्याचे पैसे. बाकीच्यांचा रोज ठरलेला. दोन्ही एकत्र केले असते तर खर्च चुकला असता. एका गुऱ्हाळाच्या जळणाच्या रकान्यात मोठा आकडा आणि दुसऱ्याच्या रकान्यात शून्य, असं कसं? उसाचा रस काढला की जे चिपाड उरतं तेच वाळवून चुलवाणात घालतात, म्हणून बहुतेक ठिकाणी जळण विकत घ्यावं लागत नाही. ज्या गुऱ्हाळात आकडा मोठा होता, तिथे अवेळी पाऊस झाला होता.

हे सांगताना तिने पिशवीतून वही काढली. त्या दिवसाच्या पानावर तिच्या अक्षरात होतं: ‘पाऊस लागला, चिपाड भिजलं, लाकूड इकत आणलं, आदण महाग पडलं.’ अहवालात हेच वाक्य आम्ही शोधलं. तिथे इंग्रजीत जे होतं त्याचा अर्थ असा: ऋतुमानानुसार आर्द्रतेतील बदलांमुळे इंधनखर्चात चढउतार संभवतो. वहीतलं वाक्य वाचलं की काय घडलं ते डोळ्यांसमोर उभं राहतं. अहवालातलं वाक्य जगातल्या कुठल्याही धंद्याला चिकटवता येईल. तिची माहिती खरी होती, तिची समज खरी होती, आणि गुळगुळीत इंग्रजीने नेमकी तीच झाकून टाकली होती. या एका वाक्यावर आम्ही बराच वेळ थांबलो, कारण प्रकरणाचा सगळा गुंता त्यातच होता.

मग तिने पद्धत सांगितली. संध्याकाळी डेअरीला दूध घालून आल्यावर ती दिवसभराच्या नोंदी फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टंकायची आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायची. ते सगळे मेसेज तारखांसकट होते. गुऱ्हाळातले फोटोही होते, रस उकळायच्या काहिलीपासून गुळाच्या रव्यांपर्यंत (ढेपांपर्यंत). शेवटी हा सगळा मराठी मजकूर तिने एआय चॅटला दिला आणि चांगल्या इंग्रजीत करून मागितला. व्हर्जन हिस्टरीत एकगठ्ठा पेस्ट दिसत होतं ते त्यामुळे.

“हे अहवालात लिहिलं का नाही?”

“कुणी विचारलंच न्हाई, मॅडम. आणि इंग्रजी माझं न्हाई असं लिहिलं असतं तर मार्क कापले असते की.”

याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. मुलं मराठीतून शिकतात, गुऱ्हाळमालक मराठीत बोलतो, तपासणारे शिक्षक घरी मराठीच बोलतात, आणि अहवाल मात्र इंग्रजीतच हवा. या अटीतून काय साधतं, हे मला त्या दिवशी कुणी पटवून देऊ शकलं नाही.

पण ती धुतल्या तांदळासारखीही नव्हती. ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या प्रकरणात दोन शोधनिबंधांचे संदर्भ होते. ग्रंथपालांनी दोन्ही शोधले. ती नियतकालिकं आहेत, पण त्या अंकांत असे लेखच नाहीत. एआयने ते रचले होते आणि तिने न पाहता तसेच ठेवले होते. हे तिला दाखवल्यावर ती पहिल्यांदा गप्प झाली. भाषा सुधारून घेणं आणि न वाचलेला लेख वाचल्याची सही करणं, या दोन गोष्टी तिच्या लेखी तोवर एकच होत्या.

टक्केवारीचं काय करायचं

चर्चेत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांचा हवाला आला. ‘१० टक्क्यांच्या वर गेलं की कारवाई’ हे वाक्य कोल्हापुरातल्या प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येतं. हे नियम २०१८ चे आहेत. त्यांत साम्याचे टप्पे आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. पण हे टप्पे प्रबंधांसाठी आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका यांना त्या नियमांनी व्याख्येतच वगळलं आहे. शिवाय हे टक्के आधीच्या मजकुराशी असलेल्या साम्याचे. ‘हे यंत्राने लिहिलं असावं’ या अंदाजाचे टक्के ही निराळीच गोष्ट. साम्य दाखवता येतं: हे वाक्य इथे आहे, तेच तिथे आहे. अंदाजाला असा कुठलाच पुरावा नसतो.

आणि हा अंदाज किती कच्चा असतो ते बघा. चॅटजीपीटी आणणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये ओळखयंत्र काढलं. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखायचं आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर नाहक आळ घ्यायचं. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध या यंत्रांनी एआयचे ठरवले. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांवर मात्र चूक क्वचितच. कारण समजायला सोपं आहे. पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज सहज बांधता आला तर यंत्र मजकुरावर संशय घेतं. ज्याची शब्दसंपत्ती बेताची, त्याची वाक्यं साधी, ठरावीक वळणाची असतात. म्हणजे राधानगरी किंवा गगनबावड्याकडच्या मुलीने कष्टाने, स्वतःच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिलं तरी ती अडकण्याचा धोका कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीपेक्षा जास्त.

या मुलीच्या बाबतीत यंत्राचा अंदाज योगायोगाने बरोबर होता; इंग्रजी यंत्राचंच होतं. पण ‘प्रोजेक्ट हिने केला का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या ७८ मध्ये कुठेच नव्हतं. ते वहीत होतं.

दुसरा अहवाल

तुलनेसाठी मी त्याच वर्गातल्या चांगले गुण मिळालेल्या काही अहवालांची मूळ माहिती मागवली. वही, प्रश्नावल्या, गूगल फॉर्मचं उत्तरपत्रक, जे असेल ते. मार्गदर्शक सरांना हे आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, ज्यांच्यावर तक्रार नाही त्यांना कशाला ओढायचं. विभागप्रमुख मॅडमनी मात्र मागवून दिलं.

त्यात एक अहवाल होता फौंड्री कामगारांच्या बचतीच्या सवयींवर. साम्य ६ टक्के, एआय ४ टक्के, आलेख सुबक. ‘६२ टक्के कामगार भिशीत बचत करतात’ या वाक्यापुढे सरांचा शेरा होता: ‘उत्तम निष्कर्ष’. त्याने दिलेल्या उत्तरपत्रकात पहिला स्तंभ वेळेचा असतो, फॉर्म कधी भरला याचा. तो कुणी बघत नाही. मी बघितला. रात्री ११:४२, ११:४३, ११:४३, ११:४५. अशी ५० उत्तरं, सगळी एकाच रात्री, साडेबाराच्या आत. फौंड्रीतला ५० जणांचा जथा एकाच रात्री एकामागून एक रांगेत फॉर्म भरत नाही.

मुलगा चौकशीला आला तो थेट शिरोली एमआयडीसीतून. दुसऱ्या पाळीला फौंड्रीत काम करतो, सकाळी कॉलेज. त्याने लगेच कबूल केलं. “मॅडम, पगार कोण सांगतंय? मुकादमाला कळंल म्हणून भितात. नऊ जणांनी सांगितलं. सरांच्या कागदावर तर पन्नास लिवलंय.” ते नऊ जण त्याच्या खिशातल्या डायरीत होते, पेन्सिलने. उरलेले ४१ त्याने ‘त्यांच्यासारखेच’ म्हणून बेतले आणि नऊही त्यांच्यासोबत त्या रात्री फॉर्मवर चढवले.

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं. भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसांचं जगणं ज्याला आतून माहीत आहे, अशा मुलाच्या हातात नऊ खरी उत्तरं होती. भीतीने न सांगणारे बाकीचे, हाच खरं तर त्याच्या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष होता: कामगार आपला पगार का लपवतो? त्यावर दोन पानं लिहिली असती तर वर्गातला तो पहिला अहवाल ठरला असता. त्याऐवजी त्याने ४१ माणसं नव्याने जन्माला घातली, कारण सूचनापत्र म्हणत होतं ‘किमान ५० प्रतिसादक, अन्यथा अहवाल स्वीकारला जाणार नाही’.

दोन क्रेडिट म्हणजे साधारण ६० तासांचं काम. त्यात विषय ठरवणं, फिरणं, लिहिणं सगळं आलं. नोकरी करून शिकणाऱ्या मुलाने त्यात ५० परक्या माणसांना पैशांबद्दल बोलतं करायचं, ही अट ज्याने लिहिली त्याने स्वतः कधी तसं करून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. अशक्य आकडा मागितला की मुलं तो आणून देतात. वर्षानुवर्षं आणत आली आहेत. फरक एवढाच की पूर्वी ते मेसवर बसून पेनांचे रंग बदलत प्रश्नावल्या भरायचे.

तरीही माझ्या लेखी याचा गुन्हा पहिल्यापेक्षा मोठा होता, आणि ते मी समितीत स्पष्ट म्हटलं. उधार भाषेत सांगितलेली खरी गोष्ट दुरुस्त करता येते. माणसंच खोटी असतील तर दुरुस्त करायला काही उरत नाही, आणि हे करणारा उद्या बँकेत कर्जाच्या फाइली तपासायला बसणार असतो.

गुऱ्हाळमालकांची माहिती

चौकशी संपत आली तेव्हा ग्रंथपालांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली, जिचा तोवर कुणी विचारही केला नव्हता. मुलीच्या अहवालाच्या परिशिष्टात पाचही गुऱ्हाळमालकांची नावं होती, मोबाइल नंबर होते आणि विकास सोसायटीचं कर्ज किती हेही होतं. ते तिला सांगितलं गेलं ते ‘आपल्या गावची पोरगी’ म्हणून. तो पूर्ण अहवाल तिने एआय चॅटमध्ये टाकला होता आणि मार्गदर्शक सरांनी दोन फुकट साइटींवर. त्या साइटी मजकूर किती दिवस ठेवतात, कशासाठी वापरतात, हे अटींच्या लांबलचक पानात असतं आणि ते पान दोघांपैकी कुणीही उघडलं नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही झाला. पण इथे कायद्याच्या आधी साधा विश्वासाचा प्रश्न आहे. कोल्हापुरात माणूस आपलं सोसायटीचं कर्ज पाहुण्यालाही सांगत नाही. विद्यार्थ्याची चोरी पकडण्यासाठी शिक्षकाने तिसऱ्याच माणसाची माहिती उघड्यावर टाकायची, हे कुठल्या प्रामाणिकपणात बसतं? सर हे ऐकून अस्वस्थ झाले. दोन्ही साइटींना मजकूर काढून टाकण्याबद्दल मेल त्यांनी त्याच दिवशी केली.

निर्णय आणि नंतर

मुलीवरची कॉपी केसची शिफारस समितीने फेटाळली. पूर्वसंशोधनाच्या प्रकरणाचे गुण मात्र पूर्ण कापले, खोटे संदर्भ काढायला लावले, आणि मूळ मराठी मजकूर जोडून, कोणतं साधन कशासाठी वापरलं हे लिहून अहवाल पुन्हा मागवला. मुलाचा प्रोजेक्ट रद्द केला. उन्हाळ्याच्या सुटीत तो नव्याने करायचा, जेवढी खरी उत्तरं मिळतील तेवढ्यांवर. नोंद विभागात राहील, गुणपत्रिकेवर येणार नाही. यावर एकमत नव्हतं. ग्रंथपालांना ही शिक्षा सौम्य वाटली, आणि त्यांचा मुद्दा वजनदार होता: मुलीचं प्रकरण निघालं नसतं तर हा मुलगा चांगल्या गुणांनी पास होऊन मोकळा झाला असता. माझं मत असं पडलं की अटच चुकीची असताना पहिल्याच वेळी वर्ष घालवणं योग्य नाही.

अभ्यासमंडळाने पुढच्या वर्षापासून अहवाल मराठी किंवा इंग्रजी, कोणत्याही भाषेत चालेल असं ठरवलं. ५० ची अट गेली. प्रत्येक अहवालावर दहा मिनिटांची तोंडी ठेवली. त्यासाठी जास्तीच्या तासिका कुठून काढायच्या हे अजून ठरलेलं नाही, आणि ते न ठरता तोंडी कागदावरच राहील अशी मला खरी भीती आहे. फुकट साइटींवर विद्यार्थ्यांचं काही टाकायचं नाही, असं परिपत्रक निघालं.

मुलाने सुटीत १७ जणांशी बोलून अहवाल दिला. त्यातल्या ११ जणांनी पगार सांगितला नाही, आणि या वेळी त्यावर त्याने एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्या साइटींकडून मेलचं उत्तर आलेलं नाही.

मुलगी पाचही गुऱ्हाळमालकांकडे पुन्हा गेली आणि त्यांची माहिती कुठे गेली ते त्यांना सांगून आली. चौघांनी नाव आणि नंबर काढून बाकीचं राहू दे म्हटलं. एकाने आपलं सगळंच काढायला सांगितलं. तिने काढलं. तक्ता चार गुऱ्हाळांचा झाला, सरासरी खर्च बदलला, आणि तो का बदलला हे तिने तक्त्याखाली मराठीत लिहिलं आहे.